समवयस्क-प्रभाव (कुमारवयातील)

कुमारवयीन मुलामुलींच्या वागण्यावर त्यांच्याच वयाच्या सोबत्यांमुळे होणारा परिणाम. गटाने आपल्याला सामावून घ्यावे, हसू नये, वगळू नये, ही इच्छा त्याच्या मुळाशी असते. आपलेपणाची ही गरज रॉय बाउमायस्टर व मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये मानवी स्वभावात मूलभूत मानली. ती कोणत्याही वयात सुटत नाही. कुमारवयात मात्र तिचा ओढा घराकडून सोबत्यांकडे वळतो.

सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन तरुणांना रेघांची लांबी ताडायची होती. गटातील बाकीचे सर्व जण प्रयोगकर्त्याला सामील असत आणि ठरवून चुकीचे उत्तर देत. सुमारे तीन-चतुर्थांश तरुण निदान एकदा त्यांच्यामागे गेले. असे असले तरी त्यांची बहुसंख्य उत्तरे बरोबर होती, ही बाब पाठ्यपुस्तकांत अनेकदा गाळली जाते.

जोखमीच्या वागण्याचा अभ्यास अधिक नेमका आहे. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांवरील अशा एकूण ३०६ जणांना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर गाडी थांबवायची की आणखी पुढे दामटायची, हा निर्णय काहींनी एकट्याने, तर काहींनी समवयस्कांसमोर घेतला. सोबती असताना जोखीम वाढली. सर्वांत लहान गटात ती सर्वाधिक वाढली. या प्रयोगात सोबत्यांना सल्ला देण्याची मुभा होती. २०११ मध्ये जेसन चाइन, स्टाइनबर्ग व सहकाऱ्यांनी मित्रांना शेजारच्या खोलीत बसवले. ते पाहत आहेत एवढे कळल्यानेच कुमारांनी जास्त धोका पत्करला, आणि मेंदूतील बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. प्रौढांत असा बदल दिसला नाही. म्हणजे भरीस घालणारा कोणी नसतानाही प्रभाव पडतो. अशा मुलाला केवळ ‘वाईट संगत’ लागली म्हणून मोकळे होणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. सोबत्यांमुळे वाढणारा हा धोका लक्षात घेऊन अमेरिकेतील अनेक राज्यांत नवशिक्या कुमार चालकांनी तरुण सहप्रवासी नेण्यावर मर्यादा आहेत.

पुष्कळदा ज्या मतापुढे मान तुकवली जाते, ते गटाचे खरे मत नसतेच. प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांना इतरांना मद्यपान आपल्यापेक्षा अधिक रुचते असे वाटत होते, असे डेबोरा प्रेंटिस व डेल मिलर यांना १९९३ मध्ये आढळले. मनातला संकोच कोणी बोलून दाखवत नाही, त्यामुळे तो आपल्या एकट्याचाच आहे, अशी प्रत्येकाची समजूत होते.

समाजमाध्यमे : आधीच पुष्कळ ‘लाइक’ मिळालेल्या छायाचित्रांना कुमारवयीन मुले अधिक पसंती देतात (२०१६).

विधायक बाजू : अभ्यास, खेळ व परोपकार यांची गोडीही सोबत्यांमुळे लागते.

मुलगे व मुली यांच्यातील फरकाबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. वरील प्रयोग अमेरिकेतील असल्याने इतर समाजांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. स्टाइनबर्ग व कॅथरिन मोनाहन यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार, सोबत्यांचा दबाव झुगारण्याची क्षमता १४ ते १८ या वयात सातत्याने वाढते.