वर्गसमीकरणाची अवयव पद्धत

वर्गसमीकरणाची अवयव पद्धत : वर्गसमीकरणाचे दोन एकघाती अवयवांच्या गुणाकारात रूपांतर करून त्याची मुळे शोधण्याची रीत. ज्या समीकरणात अज्ञात राशीचा सर्वांत मोठा घात दोन असतो, ते वर्गसमीकरण. त्याचे सामान्य रूप अ·क्ष² + ब·क्ष + क = ० असे लिहितात; यात अ शून्य नसतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात बैजिक राशींचे अवयव आठवीत येतात. दहावीच्या गणित भाग १ मध्ये वर्गसमीकरणे सोडवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो आणि त्यानंतर पूर्ण वर्ग पद्धत व सूत्र शिकवले जाते. वर्गात या रीतीला ‘मधले पद फोडणे’ म्हणतात. सूत्राने कोणतेही वर्गसमीकरण सुटते, म्हणून पुष्कळांना ही रीत सूत्र येईपर्यंतची तात्पुरती सोय वाटते. प्रत्यक्षात मुळे दोन का असतात, ती कुठून येतात आणि त्यांतले एखादे केव्हा सोडायचे, हे विद्यार्थ्याला सर्वांत उघडपणे अवयवांतच दिसते. सूत्र या समजुतीच्या शेवटी येते. तिची जागा ते घेऊ शकत नाही.

मावळातल्या एका उदाहरणावरून हे पाहता येईल. पुणे ते लोणावळा हे लोहमार्गाचे अंतर ६४ किलोमीटर आहे. समजा, एका लोकलचा थांब्यांसह सरासरी वेग ताशी ८ किलोमीटरने वाढवला, तर तिला १६ मिनिटे कमी लागतात. मूळचा वेग क्ष मानला, तर दोन्ही वेळांतील फरक तासाचा ४/१५ भाग होतो. छेद काढून टाकले की क्ष(क्ष + ८) = १९२० आणि त्यावरून क्ष² + ८क्ष − १९२० = ० हे समीकरण मिळते. आता बेरीज ८ आणि गुणाकार −१९२० असलेल्या दोन संख्या हव्यात. त्या ४८ आणि −४० आहेत. म्हणून (क्ष + ४८)(क्ष − ४०) = ०, आणि मुळे −४८ व ४०. वेग ऋण नसतो, म्हणून उत्तर ताशी ४० किलोमीटर. पडताळा सोपा आहे : ताशी ४० ने १ तास ३६ मिनिटे, ताशी ४८ ने १ तास २० मिनिटे, फरक १६ मिनिटे.

या रीतीचा सगळा भार शेवटच्या शून्यावर आहे. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांपैकी निदान एक शून्य असलीच पाहिजे. हा गुण शून्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही संख्येत नाही. क्ष(क्ष + ८) = १९२० यावरून क्ष = १९२० किंवा क्ष + ८ = १९२० असे लिहून टाकणारा विद्यार्थी हिशेबात चुकलेला नसतो; हा गुण त्याच्या लक्षात आलेला नसतो. क्ष² = ८क्ष यात दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ८ एवढेच उत्तर काढणाऱ्याच्या हातून शून्य हे मूळ निसटते, तेही याच कारणाने. सारे एका बाजूस आणून क्ष(क्ष − ८) = ० असे लिहिले की दोन्ही मुळे डोळ्यांसमोर राहतात. दोन अवयव आहेत, म्हणून मुळेही दोनपेक्षा अधिक नाहीत. दोन्ही अवयव एकच निघाले, तर मुळे समान असतात. मुळांची संख्या ही पाठ करायची बाब उरत नाही. ती समीकरणाच्या मांडणीतूनच वाचता येते.

यावर पहिला आक्षेप अंदाजाचा. ४८ आणि −४० सुचले कसे? गुणाकाराच्या जोड्या चाचपडत बसणे हे गणित नव्हे, असे म्हणतात, आणि केवळ चाचपडणेच शिकवले जात असेल तर हा आक्षेप रास्त आहे. पण या संख्या कारणाने शोधता येतात. लोकल बाजूला ठेवून हेच समीकरण भाताच्या खाचराचे मानू : खाचराची लांबी रुंदीपेक्षा ८ मीटर जास्त आणि क्षेत्रफळ १९२० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १९ गुंठे. लांबीकडची ८ मीटरची जादा पट्टी उभी चिरून ४-४ मीटरच्या दोन पट्ट्या करायच्या आणि त्यांतली एक उचलून शेजारच्या बाजूला लावायची. खाचर आता चौरस होते, फक्त एका कोपऱ्यात ४ मीटर बाजूचा चौरस रिकामा राहतो. तो भरला की १९२० + १६ = १९३६, आणि हा ४४ चा वर्ग आहे. म्हणून क्ष + ४ = ४४ आणि रुंदी ४० मीटर. हीच गोष्ट बीजगणितात (क्ष + ४)² − ४४² = ० अशी लिहिली की वर्गांतराच्या सूत्राने (क्ष + ४८)(क्ष − ४०) हे अवयव आपोआप पडतात. मधल्या पदाच्या सहगुणकाचे अर्धे ४, त्यात ४४ मिळवले की ४८, वजा केले की −४०. अंदाज कुठेच करावा लागला नाही. पूर्ण वर्ग करणे आणि अवयव पाडणे हे एकाच कृतीचे दोन लेखनप्रकार आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : बहुतेक वर्गसमीकरणांचे अवयव पडतच नाहीत. क्ष² + ब·क्ष + १२ या राशीत ब धन पूर्णांक असेल, तर ब च्या ७, ८ आणि १३ या तीनच किमतींना पूर्णांकी अवयव पडतात. मग अपवादाला चालणारी रीत आधी का शिकवावी? खाचराचे क्षेत्रफळ १९०० चौरस मीटर घेऊन पाहू. कोपरा भरल्यावर १९१६ येतात. हा पूर्ण वर्ग नाही. तरीही (क्ष + ४)² − १९१६ = ० याचे (क्ष + ४ + √१९१६)(क्ष + ४ − √१९१६) = ० असे अवयव पडतातच; रुंदी सुमारे ३९.७७ मीटर निघते. पूर्णांकी अवयव पडले नाहीत, पण रीत अडली नाही. पूर्णांकी सहगुणकांच्या समीकरणाचे अवयव परिमेय केव्हा पडतील, हेही यावरून कळते : विवेचक ब² − ४अक पूर्ण वर्ग असेल तेव्हाच. विवेचक ऋण असेल, तर वास्तव संख्यांमध्ये अवयव नाहीत आणि मुळेही नाहीत. वर्गाचा सहगुणक १ नसेल, तेव्हा गुणाकार क चा न घेता अक चा का घ्यायचा, याचेही कारण देता येते : समीकरणाला अ ने गुणून अ·क्ष = य मानले की य² + ब·य + अक = ० हे साधे रूप हाती येते. सूत्र म्हणजे हीच कृती अक्षरांवर एकदाच करून ठेवलेली. परीक्षेत ते वेळ वाचवते आणि त्यासाठी ते वापरावेच. पण त्यातल्या ± या चिन्हात दोन अवयव दडलेले आहेत हे आधी दिसलेले असावे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. भारतीय परंपरेने वर्गसमीकरणे अवयवांनी सोडवली नाहीत. ब्रह्मगुप्ताच्या इ.स. ६२८ मधील ग्रंथात त्यांची रीत आहे. समीकरणाला वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणण्याची श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘बीजगणित’ या ग्रंथात नोंदवली. या प्रकाराला मध्यमाहरण, म्हणजे मधल्या पदाचा निरास, असे नाव आहे. समीकरण म्हणजे अवयवांचा गुणाकार ही दृष्टी युरोपात सतराव्या शतकात रुजली. देकार्तच्या १६३७ च्या भूमितीत ती स्पष्ट आहे. मग जुनी रीतच पुरेशी नव्हती का? उत्तर काढायला पुरेशी होती. पण दुसऱ्या मुळाचे काय करायचे, हा प्रश्न त्या परंपरेलाही पडला होता. भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग आणि आणखी १२ वानरे मिळून सगळा कळप होतो. उत्तर ४८ आणि १६, दोन्ही ग्राह्य. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली आणि एक दिसत राहिले. मुळे ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की ऋण संख्या येते, म्हणून भास्कराचार्यांनी ५ सोडून दिले.

सोडलेल्या मुळालाही अर्थ असतो, आणि तो अवयवांवरून वाचता येतो. वानरांच्या प्रश्नात ‘पाचव्या भागातून ३ वजा’ ऐवजी ‘३ मधून पाचवा भाग वजा’ असे म्हटले असते, तर ५ हेच योग्य उत्तर ठरले असते. समीकरण तेच राहते, कारण वर्गात चिन्ह पुसले जाते. लोकलच्या उदाहरणातील −४८ ची गोष्टही तशीच. वाढवलेला वेग य मानला असता, तर (य − ४८)(य + ४०) = ० मिळाले असते : तेच अंक, चिन्हे उलट. म्हणजे −४८ मध्ये वेग वाढल्यानंतरच्या लोकलचा वेग दडलेला होता. ‘वेग ऋण नसतो’ एवढे लिहून विद्यार्थी त्यावर काट मारतो आणि त्याचे पूर्ण गुण मिळवतो. पण ही संख्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे एकदा तरी वर्गात विचारले गेले, तर समीकरण आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे त्याला उमगते. समीकरण दोन्ही मुळे देते. निवड प्रश्न वाचणाऱ्याने करायची असते.