दंड घातलेले लुगडे

'दंड' या शब्दाचे शिक्षा, बाहू आणि काठी हे अर्थ कोणालाही सांगता येतील. चौथा अर्थ मात्र ज्यांच्या घरात लुगडी आणि धोतरे नेसली गेली त्यांनाच ठाऊक असतो, आणि ती पिढी आता मावळत चालली आहे. नेसून नेसून मध्ये विरलेले लुगडे तिथेच आडवे फाडायचे, विरलेला भाग बाजूला काढायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे एकमेकांना जोडायचे; या जोडशिवणीला दंड म्हणत. एका लुगड्यात पुरेसे कापड उरले नाही तर दोन जुनेरे मिळून एक लुगडे उभे करीत. 'जुनेर' हा शब्दही असाच. जुन्या कोटाला किंवा जुन्या सदऱ्याला स्वतंत्र नाव मराठीने दिले नाही. जुन्या लुगड्याला दिले.

याचे कारण भावनेत शोधण्याआधी कापडात शोधावे. लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबीचा, कात्री न लागलेला एक सलग आयत. तो सगळा सारखा झिजत नाही. कासोटा घालून बसणाऱ्या, वाकणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईच्या लुगड्याचा बैठकीचा भाग प्रथम जातो. पदर, आतले टोक आणि काठ त्यानंतर पुष्कळ दिवस टिकतात. शिवलेल्या कपड्याचे तसे नसते. त्याचा गळा आणि मुंढे कापतानाच कापडाची मोकळीक संपते, आणि तो उसवला तरी हाती वेडेवाकडे तुकडे येतात. लुगडे मात्र शेवटपर्यंत कापडच राहते. त्याचा पोशाख होतो तो नेसण्यामुळे आणि फेडले की तो पुन्हा आयत होतो. जुन्यातून नवे करण्याची जी कला आपल्याकडे घरोघर होती, तिचे अर्धे श्रेय या न शिवलेल्या आयताला द्यायला हवे.

दंड घालून नेसलेले लुगडे पुन्हा विरले की त्याची उतरण सुरू होई. धड भागातून मुलीचा परकर, पोलके, तान्ह्याचे झबले, कुंची. काठ शाबूत असेल तर तो उसवून नव्या परकराच्या घेराला लावीत. उरलेले चार-पाच पदर एकावर एक अंथरून, कडेकडेने धावदोरा घालीत मध्यापर्यंत आणले की गोधडी किंवा वाकळ. तीच लहान मापाची केली की दुपटे. गोधडी विटली की तिच्यावर नव्या जुनेराचा थर चढे, त्यामुळे एखादी गोधडी मधोमध उसवली तर आत आणखी एक गोधडी सापडे. त्याखाली फडके, त्याखाली पोतेरे, आणि अगदी शेवटी काकडा, म्हणजे तेलात भिजवून पेटवायची चिंधी. पायरीगणिक शब्द आहे. या शब्दसंपत्तीचे कौतुक करताना एवढे लक्षात ठेवलेले बरे की जी वस्तू दुर्मिळ असते तिच्याच अवस्था भाषा इतक्या बारकाईने मोजते.

तान्ह्या मुलाला पहिले वस्त्र नवे घालू नये, जुनेराचे घालावे, असा संकेत होता. त्यात मऊपणाचा विचार होताच, पण दृष्टीचाही होता. मूल जगावे म्हणून त्याचे नाव धोंडू, केरू, चिंधू असे टाकाऊ ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. मात्र याच शब्दाची दुसरी बाजू सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांच्या बालपणात दिसते. त्यांना घरात 'चिंधी' म्हणत ते दृष्ट लागू नये म्हणून नव्हे, मुलगी नको होती म्हणून. चिंधीपासून काय होणार हे ती कोणाच्या हाती पडते यावर ठरते, आणि जुन्या कापडाचा इतिहास लिहिताना ही दुहेरी बाब सोडून चालत नाही.

ही लुगडी विणली जात त्या गावांपैकी एक भिवंडी. कामवारी नदीकाठचे, कल्याणच्या शेजारचे हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विणकरांचे झाले. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे सरकत आले. बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव या त्यांच्या मुक्कामांच्या माळेतले भिवंडी हे मुंबईच्या उंबऱ्यावरचे ठिकाण. पुढे तेलंगणातले पद्मशालीही आले. पद्मानगर हा भाग आजही त्यांची आठवण देतो. मुंबईच्या गिरण्या धडाधडा कापड काढीत असताना इतक्या जवळ हातमाग टिकले कसे, हा प्रश्न कोणालाही पडावा. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या छोट्या गावांच्या भांडवलशाहीवर २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वर्गातल्या गावांचा तपशीलवार अभ्यास आहे, आणि त्याचा एक धागा असा की कारागिरांनी गिरणीला सहज न जमणारा माल धरून ठेवला. काठाचे लुगडे हा तो माल. अंग एका रंगाचे, काठ दुसऱ्या रंगाचा आणि घट्ट विणीचा, पदर वेगळा. साधे कापड गिरणीने घेतले. काठ विणकराकडे राहिला.

म्हणजे ज्या काठामुळे विणकर जगला, तोच काठ घरात लुगड्याच्या मागे उरून परकराला लागत होता. बाजारातली चिवट वस्तू आणि घरातली चिवट वस्तू एकच होती.

पण काठ सर्वांचा नव्हता. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं' (१९८६) या आत्मकथनात एक तपशील आहे, जो वाचल्यावर काठाकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहता येत नाही. महार स्त्रीने निऱ्या अशा खोचायच्या की लुगड्याचा काठ दिसता कामा नये. काठ मिरवण्याचा अधिकार वरच्या जातींतल्या बायकांचा. गावगाड्यात महारांच्या हक्कांच्या यादीत प्रेतावरचे कापड होते. आपण ज्याला पुनर्वापर म्हणतो त्याचे हे टोक. एका घरात जुनेराची कुंची आजीच्या मायेची असते, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला जुने कापड हीच एका माणसाची पायरी असते. शिवण तीच, टाकेही कदाचित तेच.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांच्या सभेत बोलले, तेव्हा त्यांनी नेमका हाच धागा पकडला. लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसा. ते ठिगळांचे असले तरी हरकत नाही, पण स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय धनंजय कीर यांनी नोंदवला आहे. त्यानंतर तिथल्या बायकांनी लुगडी नव्या पद्धतीने नेसली. हा उपदेश फार बारकाईने वाचावा असा आहे. बाबासाहेबांनी ठिगळाला लाजिरवाणे म्हटले नाही. लाज लादणाऱ्या नेसण्याला म्हटले. नवे लुगडे घेण्याची ऐपत नसलेल्या बाईला त्या दिवशी जे बदलता येण्यासारखे होते, तेवढे त्यांनी अचूक सांगितले.

त्याच्या सहा वर्षे आधी, ३१ जुलै १९२१ रोजी, परळला परदेशी कापडाची होळी झाली तेव्हाही जुन्या कपड्यांचा हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने पुढे आला होता. इतके कापड जाळण्यापेक्षा गरिबांना द्या, असे अनेकांचे म्हणणे. सी. एफ. अँड्र्यूज यांना होळी क्लेशकारक वाटली. रवींद्रनाथांनीही उघड्या अंगांच्या देशात वस्त्रे जाळण्याला आक्षेप घेतला. गांधीजींचा रोख असा की जे वापरणे आपल्याला पाप वाटते ते गरिबाच्या अंगावर घालणे हे दान कसे होईल. गरिबालाही स्वाभिमान असतो. हवे तर परदेशी, स्मर्नाकडे पाठवा, असा पर्याय त्यांनी ठेवला. मला या वादात रवींद्रनाथांची बाजू आजही जड वाटते, कारण थंडीला स्वदेशी-परदेशी कळत नाही. पण उतरलेला कपडा देणाऱ्या हाताबद्दल गांधीजींनी उभी केलेली शंका टाळता येत नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त आई भाऊबीजेच्या पैशांतून नवऱ्यासाठी धोतर आणवते. त्या प्रसंगाचे पाणी डोळ्यांत येते ते धोतर नवे आहे म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात कापडटंचाई इतकी वाढली की १९४३ साली सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. दंड घालणे तेव्हा पांढरपेशा घरांतही पुन्हा आले. मात्र तोवर शिवणयंत्र घरात शिरले होते, पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांतून बायका शिवण शिकत होत्या, आणि जुनेराचे फ्रॉक होऊ लागले होते. हाताच्या धावदोऱ्याला जो वेळ लागे तो वाचला. त्याबरोबर जुनेराभोवती दुपारी जमणाऱ्या बायकांची बैठकही थोडी विरळ झाली असावी.

मग बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार येणाऱ्या या बाईने जुन्या कापडाला घराबाहेरची किंमत आणून दिली. चार साड्या आणि एक पँट यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले. ती एक साडी आणखी मागणार, गृहिणी आढेवेढे घेणार. या घासाघिशीत मराठी मध्यमवर्गाला विनोदाचा विषय सापडला, पण तिच्या पाटीमागचा धंदा विनोदी नव्हता. गोळा केलेले कपडे धुऊन, रफू करून, बटणे लावून पुन्हा विकले जात आणि ते विकत घेणारा माणूस दान घेत नसे, भाव करीत असे. जरीच्या वस्त्रांचे नशीब मात्र याच बाजारात फिरले. जुन्या पैठण्या आणि शालू चांदीसाठी जाळले गेले, कारण सोने-चांदीचा भाव विणीपेक्षा जास्त होता. सुती लुगडे गरीब म्हणून वाचले, पैठणी श्रीमंत म्हणून जळली.

भिवंडीकडे परत येताना एक गोष्ट सांगायला हवी, जी या गावाविषयीच्या लेखनात सहसा एका वाक्यात उरकली जाते. भिवंडीच्या विणकराने हातमाग सोडून यंत्रमाग घेतला तेव्हा तो बहुधा नवा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग त्याने घेतले, दुरुस्त केले, जुळवले आणि घराच्या ओटीवर किंवा शेडमध्ये चालवले. बोहारणीच्या पाटीत जे साडीचे, तेच इथे मागाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबला, तेव्हा कापडाची मागणी या जुन्या मागांकडे वळली. गिरणीने मोडीत काढलेल्या यंत्रांनी गिरणीचे काम घेतले. त्या मागांवर राबणारा कामगार, त्याची पाळी, त्याची मजुरी हे सारे मात्र गिरणी कामगाराने लढून मिळवलेल्या हक्कांच्या बाहेर होते. जुन्या यंत्राला दुसरे आयुष्य मिळाले. हक्कांना दंड घालून कोणी ते पुढे आणले नाहीत. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत गाव होरपळले, तरी मागांचा खडखडाट पुन्हा सुरू झाला.

या मागांवर आता काठाचे लुगडे नव्हते. कोरे कापड, पुढे त्यात मिश्र धागा आणि पॉलिएस्टर. विणायचे इथे, रंगवायचे आणि छापायचे दुसरीकडे. कापड स्वस्त झाले आणि ज्याने कधी दोन लुगडी एका वेळी पाहिली नव्हती त्याच्या घरात दांडी भरली. हे चांगलेच झाले. दंड नाहीसा झाला याबद्दल हळहळणाऱ्याने तो कधी नेसावा लागला होता का, हे आधी विचारावे. पण कापडाचा स्वभावही बदलला. सुती लुगडे धुण्यागणिक मऊ होते, घाम पिते, म्हणून ते जुने झाल्यावर तान्ह्याच्या कामाला येते. पॉलिएस्टरची साडी विरत नाही, मऊ होत नाही, पाणी पीत नाही. तिचे दुपटे ओले राहते, पोतेरे जमिनीवर पाणी नुसते पसरवते. ती टिकते खूप, पण जुनेर होत नाही.

चिंधीचेही रूप पालटले. कापडव्यवहाराच्या सरकारी परिभाषेत हा देशी शब्द रीतसर शिरलेला आहे. २३ सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकडा तो चिंधी. त्याहून मोठ्यांना वेगळी नावे. पाव वार म्हणजे नऊ इंच, म्हणजे आपली एक वीत. पूर्वीची चिंधी नेसून संपलेल्या वस्त्राचे शेवटचे रूप होती. माग, गोदामे आणि शेजारच्या उल्हासनगरातले कपड्यांचे कारखाने यांतून निघणारी आजची चिंधी कोणाच्या अंगाला लागलेलीच नसते. ती किलोवर विकली जाते. काही भाग यंत्रे पुसायला जातो, काही पायपुसणी विणायला, काही गाद्या-उशांत भरायला. आणि काही भाग गोधड्यांना. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर २०१३ साली पुस्तक काढले तोवर गोधडी शहरी दिवाणखान्यात पोहोचली होती. आता दुकानांतल्या अनेक गोधड्या अशा कोऱ्या तुकड्यांच्या असतात, आणि त्या जुन्या दिसाव्यात म्हणून रंग मुद्दाम फिके निवडलेले असतात.

२०१६ ची नोटाबंदी आणि २०१७ चा वस्तू व सेवा कर यांनंतर भिवंडीत कित्येक मागवाल्यांनी आपले जुने माग भंगाराच्या भावाने काढले. या वेळी ते दुरुस्त करून चालवायला नेणारे फारसे कोणी नव्हते. ते फोडून लोखंड म्हणून वजनावर गेले. रिकाम्या झालेल्या शेडमधून काही ठिकाणी आता मालाची गोदामे आहेत. गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजूनही आहेत. घरच्या साड्या घेऊन गेलात तर त्या पहिल्यांदा पोत चिमटीत धरून पाहतात आणि पॉलिएस्टर असेल तर ते वरच्या थराला घालू, आत मात्र सुती लागेल, ते आणा, म्हणून परत पाठवतात.