सतपाल नावाचा सल

मराठी कुस्तीचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो बहुतांशी मल्लांचा आणि त्यांच्या आश्रयदात्यांचा आहे. कोणी कोणास कोणत्या मैदानात अस्मान दाखवले, कोणत्या महाराजांनी कोणास खुराक लावून दिला, गदा कोणाच्या खांद्यावर गेली, इतके सांगून हा इतिहास थांबतो. फडाच्या कडेला उन्हातान्हात फेटा सावरत बसलेला कुस्तीशौकीन त्यात गर्दी म्हणून येतो आणि गर्दी म्हणूनच निघून जातो. वास्तविक या शौकिनाच्या प्रेमापेक्षा त्याचा राग अभ्यासण्याजोगा आहे. आपल्या मल्लाविषयी तो जे बोलतो ते पिढ्यान्‌पिढ्या तेच असते. परक्या तालमीचा, परक्या मुलखाचा एखादा कोवळा पोर झपाट्याने मोठा होऊ लागतो, तेव्हा मात्र हा शौकीन जे बोलतो त्यात त्याचा सगळा काळ उमटलेला असतो. १९७०च्या दशकात मराठी शौकिनांच्या अशा रागाचे नाव सतपाल होते. आणि त्या रागाची कहाणी औसा-निलंग्याच्या मुलखातून, किल्लारीच्या बाजूने पाहिली तर जशी उलगडते, तशी ती कोल्हापुरातून पाहता उलगडत नाही.

त्याला कारण हरिश्चंद्र बिराजदार. किल्लारी औसा तालुक्यात, बिराजदारांचे रामलिंग मुदगड शेजारच्या निलंगा तालुक्यात. हा सगळा सीमेवरचा प्रदेश. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राजवटीत असलेला, बीदर-गुलबर्ग्याशी सोयरीक सांगणारा. (बिराजदार हे आडनावही या सीमेच्या दोन्ही अंगांना सारखेच आढळते.) इथल्या जत्रांचा शेवट कुस्त्यांच्या फडाने होतो. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी, मग नारळाच्या, मग पाच-दहा रुपयांच्या आणि दिवस कलताना मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. या फडात ज्याचे अंग भरले, ज्याची पकड वस्तादाच्या नजरेत भरली, त्याने पुढे कोल्हापूर गाठायचे. शाहू महाराजांनी रोमचे जुने रंगमंडल पाहून आल्यावर उभारलेले, १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान तिथे होते आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी तिथे होत्या. १९५० साली जन्मलेले बिराजदार गंगावेशीत गेले.

१९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातूरला भरली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. जिल्हा व्हायला अजून १३ वर्षे अवकाश होता. त्या मैदानात, आपल्या घरच्या मुलखात, एकोणीस वर्षांच्या बिराजदारांनी महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद. ही चढण पाहून औसा-निलंग्याची छाती फुगली, हे सांगायला नको. पण कोल्हापुरात काय झाले असेल, याचा विचार सहसा होत नाही. तालमींची ईर्षा हा त्या शहराचा जुना स्वभाव. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी झालेले दादू चौगुले मोतीबागेचे. त्या बाजूच्या शौकिनाला गंगावेशीतला हा मराठवाड्याचा पोर म्हणजे डोळ्यांतले कुसळच. बाहेरून येतो, वयाने लहान, आणि हटत नाही! ज्या माणसाने पुढे अवघ्या महाराष्ट्राचा सल काढला, तो स्वतः आधी अर्ध्या कोल्हापूरचा सल होता, हे विसरून पुढची गोष्ट कळत नाही.

आता सतपालविषयी. जन्म १९५५चा, गाव दिल्लीजवळचे बवाना, वस्ताद गुरू हनुमान. गुरू हनुमानांचा आखाडा बिर्ला मिलच्या आश्रयाने उभा राहिलेला. उत्तरेत मालकांच्या गिरणीने जे केले, ते आपल्याकडे एके काळी संस्थानिकांनी केले होते. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि तालमींच्या डोक्यावरचे ते छत्र गेले. पुढे काही प्रमाणात सहकारी साखर कारखान्यांच्या मानधनाने ते भरून निघाले. सतपाल १९७४ साली तेहरानच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला, त्याच वर्षी त्यास अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. लातूरच्या मैदानात बिराजदारांचे जे वय, नेमके तेच.

देह प्रचंड, तरी चपळ. मातीत खेळणार, गादीवरही खेळणार. मराठी मल्लाची कुस्ती मातीतली, निकाली. पाठ टेकल्याखेरीज निकाल नाही. गुण मोजून जिंकण्याच्या कुस्तीला आपला शौकीन हिशेबनिसाची कुस्ती म्हणून नाक मुरडत असे. पण सतपाल निकाली कुस्तीतही दक्षिणेच्या मैदानांत येऊन उभा राहू लागला, तेव्हा हे नाक मुरडणे निरुपयोगी झाले. त्याचे नाव जाहिरातीत असले की मैदान भरे, तिकिटे खपत. संयोजक त्याला पुनःपुन्हा बोलावत. शौकिनाचा निम्मा राग या संयोजकांवरच असावा, आणि तो आपल्या गाठीचे पैसे मोजून व्यक्त करण्याखेरीज त्याच्यापाशी उपाय नव्हता.

या रागाची बोली मोठी गमतीदार होती. दिल्लीचे दूध, दिल्लीचे बदाम, दिल्लीच्या नोकऱ्या, दिल्लीचे पंच. आमच्या पोराला ज्वारीची भाकरी आणि त्याला शेरभर तूप, असा या भागातला हिशेब. यात खोटे फारसे नव्हते. अपुरे मात्र होते. ज्वारीच्या भाकरीवरच वाढलेल्या बिराजदारांनी एडिनबर्ग जिंकले होते, हे बोलणाऱ्याच्या सोयीचे नसे. राग करणारा माणूस पुरावा निवडून घेतो. १९७२-७३च्या दुष्काळाची आठवण ताजी असताना, खडी फोडायच्या कामावर गेलेल्या माणसांच्या तोंडी खुराकाची तक्रार येते, तेव्हा ती केवळ कुस्तीविषयीची नसते. मराठवाड्याला विकासाच्या वाट्यात मिळालेले उणे आणि मल्लाच्या ताटातले उणे यांची इथे सरमिसळ झालेली आहे. औसा-निलंग्याचा सतपालद्वेष कोल्हापूरच्या सतपालद्वेषाहून वेगळा होतो, तो या ठिकाणी. कोल्हापूरला आपले गेलेले वैभव आठवत होते. इकडे आठवण्याजोगे वैभव नव्हतेच. जे काही होते ते एकट्या बिराजदारांच्या रूपाने नुकतेच हाती आले होते, आणि पाच वर्षांनी धाकटा एक पोर ते हिरावू पाहत होता.

१९७७ साली बेळगावात ही कुस्ती लागली. बिराजदार २७ वर्षांचे, सतपाल २२ वर्षांचा. मल्लविद्येत ही पाच वर्षे थोडी नव्हेत. उतार लागला नसला तरी चढ संपत आल्याचे ते वय. बेळगाव हे स्थळही अर्थपूर्ण. १९५६ पासून कर्नाटकात असलेले, मराठीपणासाठी झगडणारे ते शहर. तिथल्या प्रेक्षकांनी निलंग्याच्या एका सीमेवरच्याच मल्लाला आपला मानावे, आणि समोर दिल्ली असावी! या कुस्तीत बिराजदारांनी सतपालला हरवले. हा विजय मराठी कुस्तीच्या स्मृतीत आजही अग्रभागी आहे. त्याच दशकात कोल्हापूरच्या युवराज पाटील यांनीही सतपालवर मात केली, तीही खासबागेत. पण लातूरकडे तुम्ही हे नाव काढून पाहा. समोरचा माणूस सौजन्याने मान हलवील आणि पुन्हा बेळगाववर येईल.

येथे थोडे दूर जाऊन एक दाखला द्यावासा वाटतो. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात सेंट लुईस संघाचा स्टॅन म्युझिअल हा तरुण फलंदाज १९४०च्या दशकात ब्रुकलिनच्या मैदानावर असा काही चेंडू बडवीत असे, की तो खेळायला उतरला की तिथले यजमान प्रेक्षक हताशपणे पुटपुटत, ‘आला तो माणूस पुन्हा.’ १९४६ साली एका वार्ताहराने हे ऐकून लिहिले, आणि ‘तो माणूस’ हेच म्युझिअलचे जन्माचे बिरुद झाले. ते त्याच्या स्वतःच्या शहराने दिलेले नव्हते. त्याच्यामुळे ज्यांची संध्याकाळ नासत असे, त्यांनी दिलेले होते. प्रतिस्पर्ध्याच्या थोरवीची पहिली नोंद पुष्कळदा त्याच्यावर चिडलेले लोकच करतात. आपल्याकडे सतपालला असे बिरुद कोणी दिले नाही, पण फडाच्या कडेला होणारी चर्चा पाहता त्याची ताकद आणि त्याचा दम यांची बारकाईने नोंद ठेवणारे लोक हेच होते.

बेळगावनंतर या रागाचे जे झाले ते मला सर्वाधिक अभ्यसनीय वाटते. सतपाल संपला नाही. १९७८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले आणि १९८२ साली दिल्लीत सुवर्ण. आता शौकिनाची पंचाईत झाली. सतपाल जितका मोठा होईल, तितका बेळगावचा विजय मोठा होत होता. ज्याचे वाटोळे व्हावे म्हणून जत्रेत नवस बोलले जात, त्याच्या सुवर्णपदकाने आता आपलाच मल्ल उजळून निघत होता. ‘आपल्या हरिश्चंद्राने ज्याला पाडले तो हा,’ हे वाक्य त्या वर्षीच्या आशियाडनंतर या भागात रूढ झाले असल्यास नवल नाही. आजही ते याच शब्दांत ऐकायला मिळते. द्वेषाचे असे हळूच मालकीत रूपांतर झाले. पुढे सतपालचा शिष्य सुशीलकुमार याने २००८ आणि २०१२ या दोन ऑलिंपिकमध्ये पदके मिळवली, तेव्हा तर या मुलखातील म्हाताऱ्यांनी त्याला जवळपास नातू म्हणूनच स्वीकारले.

बिराजदारांनी पुढील आयुष्य पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवण्यात घालवले. लातूरचेच काका पवार, बीडचा राहुल आवारे हे त्यांचे शिष्य. २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. १४ सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले ते पाहायला ते नव्हते.

मल्लांची चरित्रे निदान वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून सापडतात. शौकिनांचा कागद कुठेच नाही. १९७७ साली पारावर बसून बेळगावची बातमी ऐकणारी, तीवर वाद घालणारी किल्लारी परिसरातील पिढी १९९३ साली ऐन उतारवयाच्या उंबरठ्यावर होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चारच्या सुमारास जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. ५२ गावे उठून नव्या जागी वसली. नव्या किल्लारीत रस्ते सरळ आहेत, घरे ओळीत आहेत. जुन्या गावातल्या पारावरचा कट्टा त्या ओळींत कुठे बसवायचा, हे कोणाच्या आराखड्यात नव्हते. तरी संध्याकाळी चारदोन वृद्ध एकत्र येतात, आणि कुस्तीचा विषय निघाला की बेळगाव निघतेच. शेवटचा डाव कोणता यावर त्यांचे एकमत होत नाही. सतपाल केवढा होता हे दाखवताना मात्र सगळ्यांचे हात सारखेच रुंद पसरतात.