सावलीचा रंग कोणता?

सावलीचा रंग कोणता, असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगतो: काळा. फार तर करडा. शाळेत चित्रकलेच्या तासाला झाडाखाली आपण तेच फासलेलं असतं ना!

आता क्लोद मोनेचं १८८१ सालचं एक चित्र बघा. सीन नदीकाठच्या वेतेय गावातली त्याच्या घरची बाग. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच सूर्यफुलं, मधून घराकडे चढत जाणारी वाट, निळ्या-पांढऱ्या कुंड्या, वाटेवर एक लहान मुलगा. भर उन्हाळा. पण वाटेवरच्या सावल्या काळ्या नाहीत, निळसर जांभळ्या आहेत. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

बघून वाटतं, काय सुखी माणूस असेल! प्रत्यक्षात दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १८७९ मध्ये, याच गावात त्याची बायको कामिय वारली होती. वय अवघं ३२. घर भाड्याचं, डोक्यावर देणी. कुंड्या तेवढ्या स्वतःच्या. घर बदललं की त्याही बरोबर निघायच्या. १८८१ च्या डिसेंबरात त्याने हे गावही सोडलं.

तर मुद्दा सावलीचा. पूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. असलं लटांबर घेऊन उन्हात कोण बसणार? १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी धातूची ट्यूब काढली आणि बाहेर बसून रंगवणं सोपं झालं. बाहेर बसलं की कळतं, सावलीत थेट ऊन नसलं तरी आकाशाचा निळा उजेड असतोच. साधं फिजिक्स आहे, पण स्टुडिओच्या चार भिंतींत ते दिसत नाही.

आपल्याकडे उन्हाची काय कमतरता? पण मुंबईच्या जे. जे. स्कूलमधलं (स्थापना १८५७) शिक्षण मुख्यतः ब्रिटिश अकादमिक वळणाचं होतं. इंदूरला मात्र होळकरांच्या राज्यात दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ च्या सुमारास चित्रशाळा सुरू केली. स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले हे मास्तर पोरांना उघड्यावर, जागेवर बसून रंगवायला लावत. एम. एफ. हुसेन काही काळ तिथे होते. आणि होते नारायण श्रीधर बेंद्रे, जन्म १९१०, इंदूरच्या मराठी घरातले. पुढे बेंद्रे काश्मीरला राहिले, तिथली निसर्गचित्रं केली. १९५० पासून बडोद्याला शिकवलं. उतारवयात तर त्यांनी रंगाच्या ठिपक्याठिपक्यांनी चित्रं उभी केली. जवळून बघितलं तर नुसते पिक्सेल, चार पावलं मागे गेलं की ऊन!

म्हणजे उजेडाकडे असं बघणं आपल्या माणसांनाही जमलं, फक्त कुणीतरी वर्गाचं दार उघडून बाहेर पाठवायला हवं होतं.

मला वेतेयचं चित्र आवडतं त्याचं कारण वेगळं आहे. दुःख झालं म्हणून मोनेने बाग अंधारी केली नाही, आणि सावल्या पुसूनही टाकल्या नाहीत. त्या जशा दिसल्या तशा ठेवल्या.

खात्री करायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. मे महिन्यात कधी रत्नागिरीला आलात तर सकाळी दहा-अकराला एखाद्या घराच्या परसात जा. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर जास्वंदीची सावली पडलेली असेल. मोबाइल खिशात ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. मग सांगा, काळी आहे का ती?