‘पायोरिया’ हे नाव आणि दंतबंधाची ओळख

‘पायोरिया’ हा शब्द दंतमंजनांच्या जाहिरातींमुळे मराठी घरांत इतका रुळला आहे की त्याचे ग्रीक मूळ कोणाच्या ध्यानीही येत नाही. ‘पुवाचा स्राव’ एवढाच त्याचा अर्थ. रोगाला लक्षणावरून नाव मिळाले. ज्या ऊतकांचा नाश झाल्याने दात हलू लागतो, त्यांचा त्यात निर्देशही नाही. ही ऊतके चार : हिरडी, दंतमुळावरील सिमेंटम, जबड्यातील दंतकोटराचे हाड, आणि सिमेंटम व हाड यांना जोडणारा तंतुमय दंतबंध. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसून या तंतूंवर तोललेला असतो, हे वैद्यकाला अगदी अलीकडे उमगले, असा एक समज आहे. तो बरोबर नाही.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 65 मुखरोग सांगितले असून त्यांपैकी 15 दंतमुळांचे व 8 दातांचे आहेत. ‘दंतवेष्ट’ या रोगात पू व रक्त वाहते आणि दात हलतात. दातांवरील कीटण, म्हणजे ‘दंतशर्करा’, मात्र दातांच्या रोगांत गणली आहे. दंतमुळांस इजा न होऊ देता ती काढावी, असा चिकित्सास्थानाचा आदेश आहे. दंतवेष्टाचे कारण म्हणून तेथे दूषित रक्त सांगितले आहे, कीटण नव्हे. ग्रंथाच्या गौरवाच्या भरात हा भेद पुष्कळदा नजरेआड होतो.

युरोपात बार्तोलोमेओ एउस्ताकी या शरीररचनाज्ञाने 1563 मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या दंतविषयक पुस्तिकेत, दंतमुळे बळकट बंधांनी कोटरास जखडलेली असतात, असे नमूद केले. पुढे पिएर फोशार याने आपल्या ग्रंथाच्या 1746 च्या आवृत्तीत केवळ हिरड्या, कोटरे व दात यांना ग्रासणारा एक विकार वर्णिला. पण त्याला नाव दिले ‘स्कर्व्ही’चेच. ही तुलना अगदीच निराधार नव्हती. वोल्बाख व हाउ यांनी 1926 मध्ये गिनीपिगांवरील प्रयोगांतून दाखविले की, स्कर्व्हीत संयोजी ऊतकाचे आंतरकोशिक द्रव्यच नीट घडत नाही. तथापि दोन्ही रोगांचे कारण एक नव्हे.

अमेरिकेत हार्टफर्ड येथील जॉन रिग्ज याने 1876 मध्ये कारण स्थानिक असल्याचे ठासून मांडले : दाताच्या मुळालगतचे कीटण खरवडून काढले तर रोग आटोक्यात येतो. 1887 मध्ये ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक याने दंतबंधाची सूक्ष्मरचना तपशीलवार प्रसिद्ध केली. म्हणजे 1890 पूर्वीच रचना आणि उपाय, दोन्ही हाताशी होते.

यानंतर जे घडले ते म्हणूनच अधिक खेदजनक होय. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी 1910 मध्ये माँट्रिऑल येथील व्याख्यानात मुखातील पूयुक्त संसर्गास सार्वदेहिक रोगांचे उगमस्थान ठरविले. त्यांचा मुख्य रोख सदोष सोनेरी टोप्या व पूल यांवर होता. अनुयायांनी मात्र दातच अपराधी ठरविले. संधिवात, पांडुरोग, जुनाट अशक्तता अशा तक्रारींसाठी संपूर्ण दंतपंक्ती उपटण्यात आल्या. रोगाच्या नावातच ‘पू’ असल्याने दातांकडे पुवाचे साठे म्हणून पाहणे सोपे गेले असावे. 1938 मध्ये सेसिल व अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या 200 रुग्णांचा आढावा घेऊन या उपायाची निरर्थकता दाखविली, तोवर असंख्य शाबूत दात गेले होते. विशेष म्हणजे सेसिल हे पूर्वी याच मताचे पुरस्कर्ते होते.

रिग्जच्या म्हणण्यास नेमका प्रायोगिक आधार मिळाला तो 1965 मध्ये. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो व सहकाऱ्यांनी 12 निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. पण हे हिरडीपुरतेच. तुटलेला दंतबंध घासण्याने परत येत नाही.

तो परत येऊ शकतो काय, याचे उत्तर 1982 मध्ये स्वीडनमधील स्टुरे न्यूमान व सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या खालच्या पटाशीच्या दातावर शोधले. हिरडीच्या पेशी मुळापर्यंत पोहोचू नयेत म्हणून मध्ये गाळणपटल बसविण्यात आले. तीन महिन्यांनी मुळावर नवे सिमेंटम व त्यात रुतलेले तंतू आढळले. मात्र ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी तो दात काढावाच लागला.