पैसा फंडाची कुळकथा

तळेगावच्या काच कारखान्याची गोष्ट सहसा स्वदेशीपासून सुरू होते. मला मात्र तिचं मूळ आणखी मागे, मुंबईच्या कायदेकौन्सिलात दिसतं.

१८९२च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलात निवडून जायला थोडी वाट मोकळी झाली. १८९५ साली मध्य विभागातल्या लोकल बोर्डांकडून टिळक तिथे गेले. पुणे जिल्हा, म्हणजे आपला मावळही, याच विभागात. मत मात्र बोर्डाच्या सभासदांचं. भातखाचरात राबणाऱ्या मावळ्याला कोण विचारतो? आणि निवडून आलेल्याच्या तरी हाती काय होतं? प्रश्न विचारावा, अंदाजपत्रकावर बोलावं. पण त्या अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क नव्हता, तिजोरीला हात लावणं तर दूरच. १८९६-९७चा दुष्काळ आला, तेव्हा फॅमिन कोडातले रयतेचे हक्क टिळकांना 'केसरी'तून गावोगाव पोचवावे लागले. जुलै १८९७मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली, अठरा महिन्यांची शिक्षा लागली आणि कौन्सिलातली कारकीर्द तिथेच आटोपली.

सरकारी तिजोरी आपली नाही, तर आपली तिजोरी उभी करू, हे पैसा फंडाचं मर्म मला वाटतं. कल्पना अंताजी दामोदर काळे यांची: माणशी एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग काढायचा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. एक रुपया जमवायला चौसष्ट जणांपुढे हात पसरायचा आणि चौसष्ट वेळा तेच समजावून सांगायचं! काळ्यांनी ही पायपीट केली, टिळकांनी आपलं वजन त्यामागे उभं केलं. ज्याला मत नव्हतं, त्यालाही पैसा देता येत होता.

१९०८ साली या फंडातून तळेगावात काच कारखाना निघाला. त्याच वर्षी टिळकांची मंडालेला रवानगी झाली. कारखान्याची धुरा जपानात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. वाळू, सोडा, चुना भट्टीत वितळवायचा, लोखंडी नळीच्या टोकाला तापलेला गोळा घ्यायचा आणि फुंकत, फिरवत त्याला आकार द्यायचा. फुंकर कमी-जास्त झाली की जाडी बिघडते. निवायला घाई केली की तडा जातो. हे पुस्तकातून येत नाही, भट्टीपुढे उभं राहूनच येतं. म्हणून हा कारखाना नफ्यापेक्षा शाळा म्हणून मोठा. इथे हात बसलेले कारागीर देशातल्या नव्या काच कारखान्यांत गेले. वार्ष्णेयांनी पुढे उत्तरेत बहजोईला भट्ट्या पेटवल्या.