शून्य म्हणजे बग नव्हते असं नाही: लिनक्स कर्नलच्या दुरुस्ती-रिलीजचा इतिहास वाचताना

माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी मी एक आलेख काढला होता. लिनक्स कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीनंतर किती दुरुस्ती-रिलीज निघाल्या, एवढंच त्यात मोजलं होतं. २.६.८ नंतर एक. २.६.९ नंतर शून्य. २.६.१० नंतर शून्य. आणि २.६.११ नंतर एकदम बारा! मी लगेच लिहून टाकलं, ‘२००५ मध्ये कर्नलचा दर्जा घसरला.’

गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “अगं, जो माणूस सारखा डॉक्टरकडे जातो तो जास्त आजारी असतो की जास्त जागरूक?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रकरण परत आलं.

तुम्हीही उद्या अशीच एखादी तारखांची यादी घेऊन बसाल, म्हणून त्या शून्यामागे काय निघालं ते सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९० च्या दशकापासून कर्नलमध्ये सम-विषम पद्धत होती. मधला आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर (२.२, २.४), विषम असेल तर प्रयोगाची (२.३, २.५). ऐकायला शिस्तशीर वाटतं. पण २.४.० आली जानेवारी २००१ मध्ये आणि २.६.० डिसेंबर २००३ मध्ये. म्हणजे जवळपास तीन वर्षं! ग्राहक इतके दिवस थांबणार नव्हते. मग रेड हॅट, सुसे यांसारख्या डिस्ट्रिब्युशन कंपन्या नव्या शाखेतल्या गोष्टी उचलून आपापल्या जुन्या कर्नलमध्ये बसवायला लागल्या. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. परिणाम असा की प्रत्येकाचा ‘२.४’ वेगळा झाला.

२००४ च्या जुलैमध्ये ओटावा इथे कर्नल डेव्हलपरांची बैठक झाली. तिथे ठरलं की २.७ काढायचीच नाही, नवं काम २.६ मध्येच चालू ठेवायचं. एक प्रश्न सुटला, पण दुसरा तयार झाला. समजा २.६.९ मध्ये बग सापडला, तर सामान्य वापरणाऱ्याने काय करायचं? २.६.१० ची वाट बघायची. आणि ती आली की दुरुस्तीसोबत हजारो नवे बदलही घ्यायचे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आता माझ्या आलेखातलं शून्य पुन्हा बघा. बग होतेच, दुरुस्त्याही होत होत्या. पण त्या कंपन्यांच्या पॅकेजमध्ये, नाहीतर पुढच्या मोठ्या आवृत्तीत जात होत्या. मी मोजत होते त्या जागी त्यांची नोंदच नव्हती.

मार्च २००५ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला. लिनस टोरवाल्ड्सने सुचवलं की २.६.x मध्येच सम-विषम आणूया. सम आकड्याच्या आवृत्तीत फक्त स्थिरतेवर भर. आक्षेप आला तो माणसांच्या वागण्यावरून: लोक सम आवृत्तीचीच वाट बघतील, विषम कोणी तपासणारच नाही, मग बग सापडणार कधी? चर्चेतून वेगळा तोडगा निघाला. कोणीतरी फक्त लहान, निर्विवाद दुरुस्त्यांची वेगळी शाखा सांभाळायची. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट पुढे आले, आणि महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात २.६.११.१ बाहेर पडली.

या शाखेचे नियम मुद्दाम वाचा. पॅच शंभर ओळींपेक्षा मोठा नको. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. बग खरोखर लोकांना त्रास देणारा हवा, ‘असं होऊ शकेल’ एवढं पुरेसं नाही. रिलीजच्या आधी पॅच तपासणीसाठी सगळ्यांसमोर ठेवायचे, ४८ तास. गंमत बघा, ‘दर आठवड्याला’ किंवा ‘महिन्यातून एकदा’ असं यात कुठेच नाही. आज या रिलीज साधारण दर आठवड्याला येतात, पण ती गती वेळापत्रकातून आलेली नाही. लहान आणि तपासायला सोपं तेवढंच घ्यायचं ठरलं, म्हणून वारंवार देणं शक्य झालं.

पण वारंवार देण्याची किंमत कोणीतरी मोजतंच. दर आठवड्याला कर्नल बदलून चाचणी घेणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून दीर्घकालीन आवृत्त्या आल्या. एड्रियन बंक यांनी २.६.१६ ही २००८ पर्यंत सांभाळली. पुढे दोन वर्षांचा पाठिंबा रूढ झाला. २०१७ मध्ये अँड्रॉइड फोनांची गरज बघून तो सहा वर्षांपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं, आणि २०२३ मध्ये पुन्हा दोन वर्षांवर आणायचं ठरल्याचं सांगितलं गेलं. कारणं अगदी साधी होती: इतके जुने कर्नल वापरणारे थोडे, आणि सांभाळणारी माणसं थकलेली.

या सगळ्यातून माझा मुद्दा एवढाच: ‘किती वेळा रिलीज’ हा आकडा सॉफ्टवेअरची तब्येत सांगत नाही. दुरुस्तीचं ओझं कोणी उचलायचं याबद्दल झालेला करार तो सांगतो. २००५ आधी ते ओझं कंपन्यांवर आणि वापरणाऱ्यांवर होतं. नंतर त्याचा मोठा वाटा दोन-चार मेंटेनरांच्या खांद्यावर आला. माझ्या आलेखातली उडी ही दर्जा घसरल्याची खूण नव्हती. जबाबदारी उघडपणे कोणीतरी घेतल्याची ती खूण होती.

म्हणून तुमच्या यादीत शून्य दिसलं किंवा अचानक उडी दिसली, तर निष्कर्ष लिहायच्या आधी तीन गोष्टी शोधा. त्या काळात नियम काय होता? तो कधी आणि कोणाच्या तक्रारीवरून बदलला? आणि नोंद इथे नसेल तर काम दुसरीकडे कुठे चाललं होतं?

आलेख मी काढून टाकला नाही. तो त्याच प्रकरणात आहे, फक्त खालचं वाक्य बदललंय. आणि ते एक वाक्य बदलायला मला चार महिने लागले.